दाण्याची परीक्षा करणारे सूक्ष्म आरसे

धान्याची परीक्षा करण्याचीं शेतकऱ्याचीं साधनें फार जुनीं आहेत. दाणा दातांखालीं फोडून पाहणें, पोत्यांत हात खुपसून आंतील गारवा पाहणें, पसाभर दाणे हातांत खुळखुळवून त्यांचा आवाज ऐकणें, ह्या रीतींनीं आपल्या वडीलमंडळींनीं पिढ्यान्‌पिढ्या माल पारखला, आणि आजही त्या रीती अगदींच टाकाऊ झाल्या आहेत असें नाहीं. परंतु माल घेणाराच्या बाजूस आतां यंत्र आलें आहे. आणि दाताचा निकाल व यंत्राचा निकाल यांत फरक पडला तर व्यवहारांत यंत्राचाच निकाल खरा धरला जातो. सोयाबीन पिकविणाऱ्यांस हें सांगावयास नकोच. हमीभावाच्या खरेदीस ओलाव्याची मर्यादा शेंकडा १२ ही ठरलेली. सन २०२४ च्या खरीप मालाच्या वेळीं नोव्हेंबर महिन्यांत केंद्र सरकारनें ती त्या हंगामापुरती शेंकडा १५ केली. एवढ्याशा एका आकड्यावर किती कुटुंबांचें वर्षाचें गणित अवलंबून असतें, हें यावरून दिसून येईल.

बाजारांतील ओलावा मोजण्याचीं नेहमींचीं यंत्रें बहुधा विजेच्या गुणावर चालतात. कोरड्या दाण्यापेक्षां पाण्यांत विद्युत्‌भार सांठविण्याचा गुण पुष्कळ अधिक असतो, त्यावरून तीं ओलाव्याचा अंदाज देतात. परंतु अलीकडे दुसऱ्या एका जातीचीं यंत्रें पुढें येत आहेत. तीं दाण्यावर प्रकाश टाकतात आणि परत आलेल्या प्रकाशावरून केवळ ओलावाच नव्हे, तर तेल व प्रथिनें यांचेंही प्रमाण सांगतात. पूर्वीं असें यंत्र प्रयोगशाळेंतील मेजावरच शोभे. आतां तें हातांत मावेल एवढें झालें आहे. हा बदल ज्या संशोधनामुळें घडला त्याची हकीकत आम्ही येथें देणार आहों. ती सांगण्यांत आमचा हेतु केवळ नवलाई दाखविण्याचा नाहीं. यंत्र कशावरून बोलतें हें ज्यास कळलें, त्यासच त्याचा शब्द केव्हां मानावा आणि केव्हां विचारून घ्यावा हें कळतें. आणि माल आपला असल्यामुळें तें कळणें आपल्या हिताचें आहे.

प्रकाशावरून पाणी कसें मोजतात

सन १८०० मध्यें इंग्लंडांत विल्यम हर्शेल नांवाच्या ज्योतिष्यानें सूर्यप्रकाश लोलकांतून नेऊन त्याचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यास कांहींच दिसत नव्हतें तेथें, पारा अधिक चढला. डोळ्यास न दिसणारा प्रकाशही असतो, हें त्या दिवसापासून सिद्ध झालें. त्यासच आपण अवरक्त प्रकाश म्हणतों.

प्रकाशाच्या लहरीची लांबी नॅनोमीटरमध्यें मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या डोळ्यास सुमारें ४०० पासून ७०० नॅनोमीटरपर्यंतच्या लहरी दिसतात. त्यापुढील अवरक्त लहरी निरनिराळ्या पदार्थांत निरनिराळ्या प्रमाणानें शोषल्या जातात. पाण्याचा कण सुमारें १४५० व १९४० नॅनोमीटरच्या लहरी विशेष आवडीनें गिळतो. तेलाची आवड वेगळी, प्रथिनांची वेगळी. म्हणून दाण्यावर अवरक्त प्रकाश टाकून कोणती लहर किती परत आली हें पाहिलें, तर दाण्यांत काय आहे याचा सुगावा लागतो.

ही कल्पना शेतीच्या कामीं लावण्याचें श्रेय अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील कार्ल नॉरिस या अभियंत्यास आहे. मेरीलंड संस्थानांतील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी संशोधनकेंद्रांत त्यांनीं प्रथम अंड्यांची परीक्षा प्रकाशानें करण्याचें काम केलें आणि पुढें ते धान्याकडे वळले. अडचण अशी होती कीं, दाण्यांत पाणी एकटें नसतें. पाण्याच्या लहरीवर पिष्ट, प्रथिनें आणि तेल यांचीही छाया पडते. तेव्हां एकाच लहरीवर विसंबून न राहतां अनेक लहरींचीं मापें घ्यावीं, आणि गणितानें त्यांतून पाण्याचा भाग वेगळा काढावा, हा मार्ग नॉरिस यांनीं धरला. सन १९६८ मध्यें त्यांनीं व बेन-गेरा यांनीं सोयाबीनचा ओलावा ह्या रीतीनें मोजून दाखविला. सन १९७५ मध्यें कॅनडाच्या धान्य आयोगानें गव्हांतील प्रथिनें मोजण्यासाठीं ही रीत स्वीकारली, आणि आम्लांत दाणे शिजवून तासन्‌तास चालणारें रासायनिक पृथक्करण पुष्कळ अंशीं मागें पडलें.

यंत्र बाहेर कां येईना

असें असूनही तें यंत्र बाजारांत किंवा खळ्यावर येईना, याचीं कारणें दोन होतीं. पहिलें कारण प्रकाश पाहणाऱ्या संवेदकाचें. साध्या सिलिकनचा संवेदक सुमारें ११०० नॅनोमीटरपर्यंतच पाहतो, त्यापुढें तो आंधळा. पाण्याची १४५० ची लहर पाहावयाची तर इंडियम, गॅलियम व आर्सेनिक यांच्या संयुगाचा संवेदक लागतो. तो एक घेतला तर खर्च सोसतो. परंतु प्रत्येक लहरीसाठीं एक, अशी शेंकडों संवेदकांची ओळ घेतली तर किंमत आवाक्याबाहेर जाते. दुसरें कारण असें कीं, एकाच संवेदकावर काम भागवावयाचें तर रंग पाडणारी जाळी एकसारखी फिरवून एकामागून एक लहर त्याच्यासमोर आणावी लागते. फिरणारें यंत्र धक्क्यानें बिघडतें, आणि गाडीत घालून गांवोगांव नेण्यास तें निरुपयोगी ठरतें.

म्हणजे हवें होतें असें कांहींतरी, कीं ज्यानें जाळी स्थिर राहील, संवेदक एकच राहील, आणि तरीही हवी ती लहर निवडून घेतां येईल. तें साधन धान्य तपासणाऱ्यांनीं शोधलें नाहीं. तें अगदीं वेगळ्याच वाटेनें आलें. ती वाट आतां पाहूं.

सिलिकनचें दुसरें अंग

सन १९५९ च्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील पासाडेना येथें रिचर्ड फाइनमन या पदार्थविज्ञानवेत्त्यानें एक व्याख्यान दिलें. लहान वस्तूंच्या जगांत अजून पुष्कळ जागा रिकामी आहे, असें त्यांनीं सांगितलें आणि इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या घनांत मावणारी विजेची मोटार जो करील त्यास १,००० डॉलरचें बक्षीस लावलें. यासाठीं कोणी नवी विद्या काढील अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु वर्षाच्या आंतच विल्यम मॅक्‌लेलन नांवाच्या अभियंत्यानें सूक्ष्मदर्शक, चिमटा आणि हस्तकौशल्य एवढ्यावर ती मोटार करून बक्षीस नेलें! हात चालला, पण विद्या पुढें गेली नाहीं. कारण हातानें केलेली वस्तु एक होते. एका सांच्यांत लाखो होत नाहींत.

ती विद्या विजेच्या उपकरणांच्या कारखान्यांत तयार होत होती. सिलिकनच्या चकतीवर पातळ थर चढवावयाचे, प्रकाशानें त्यांवर नकाशा उतरवावयाचा, आणि नको तो भाग रसायनानें खाऊन टाकावयाचा, ही रीत विजेच्या मंडलांसाठीं बसली होती. ह्याच रीतीनें हलणारे भागही करतां येतील, हें वेस्टिंगहाउस कंपनीच्या हार्वे नेथन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सन १९६७ च्या सुमारास दाखविलें. सन १९८२ मध्यें आय.बी.एम. कंपनीच्या कर्ट पीटर्सन यांनीं एक मोठा निबंध लिहून सिलिकन हें यंत्रकामाचेंही उत्तम द्रव्य आहे असें प्रतिपादन केलें. सिलिकन कांचेसारखें ठिसूळ खरें. परंतु त्याचा निर्दोष स्फटिक अगदीं बारीक अंगानें घेतला तर तो पोलादाहून अधिक ताण सोसतो, आणि वांकवून सोडला तर पोक न राहतां पुनः सरळ होतो. अशा स्प्रिंगा, पडदे व झुलते दांडे ज्यांत असतात त्या उपकरणांस सूक्ष्म-विद्युत्‌-यांत्रिक उपकरणें म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांचें ‘मेम्स’ हें नांव रूढ झालें आहे.

खालीं आधार नाहीं असा अधांतरी भाग कसा करतात, ही शंका वाचकांस येईल. आपल्याकडे गवंडी कमान बांधतो तेव्हां खालीं लांकडाचा आधार उभा करितो, त्यावर दगड रचितो, आणि कमान बसली म्हणजे लांकूड काढून घेतो. येथेंही तसेंच. प्रथम एक बळी द्यावयाचा थर चढवितात, त्यावर हवा तो भाग घडवितात, आणि शेवटीं तो खालचा थर तेवढा खाऊन टाकतात. वरचा भाग अधांतरी राहतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेंत रिचर्ड मुलर, रॉजर हाव आदींनीं सन १९८० नंतरच्या दशकांत ही रीत सिलिकनवर पक्की केली, आणि सन १९८८ मध्यें तेथेंच केसाच्या जाडीएवढ्या व्यासाची फिरती मोटार चालून दाखविली गेली. मोटारगाडीस धडक बसतांच हवेची पिशवी फुगविण्याची आज्ञा देणारा संवेदक, चक्राच्या हवेचा दाब सांगणारा संवेदक, हातांतल्या टेलिफोनास आडवें धरलें कीं उभें हें कळविणारा संवेदक, हे सर्व याच विद्येचे वंशज होत.

लहान जगाचा न्याय निराळा

परंतु वस्तु लहान केली म्हणजे मोठ्या वस्तूचे सर्व नियम तिला तसेच लागू राहत नाहींत. जात्याशीं बसलेल्या कोणाही गृहिणीस हें ठाऊक आहे. ज्वारीचा दाणा सुपाच्या कडेवरून घरंगळतो. त्याच दाण्याचें पीठ मात्र जात्याच्या पाळीस चिकटून बसतें, तें झाडून काढावें लागतें. वस्तूची लांबी हजारपट कमी केली तर तिचें वजन शंभर कोटीपट कमी होतें, पण पृष्ठभाग दहा लाखपटच कमी होतो. म्हणून लहान जगांत वजनाची सत्ता जाते आणि चिकटण्याची सत्ता येते. दोन ओल्या कांचा एकमेकींस धरून बसतात, तसे हे सूक्ष्म भाग थोड्याशा दमटपणानेंही एकमेकांस चिकटतात आणि सुटत नाहींत. या क्षेत्रांतील संशोधकांचीं कित्येक वर्षें या चिकटण्याशीं झगडण्यांतच गेलीं आहेत.

लहानपणाचा फायदाही आहे. केंसांवर घांसलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तें विजेचें आकर्षण मोठ्या यंत्रास चालविण्यास पुरत नाहीं. परंतु ज्याचें वजन नाहींसेंच आहे अशा सूक्ष्म भागास तें सहज हलवितें. पुढें सांगावयाच्या आरशांस हेंच आकर्षण फिरवितें.

हॉर्नबेक यांचा आरसा

अमेरिकेंतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनींत लॅरी हॉर्नबेक या संशोधकानें सन १९७७ मध्यें सूक्ष्म आरशांच्या कामास हात घातला. आरंभींचा बेत असा होता कीं, आरसा जितका कमीअधिक वांकवावा तितका प्रकाश कमीअधिक पाठवावा. दहा वर्षें ह्यावर खटपट झाली. पण लाखो आरशांपैकीं प्रत्येक अगदीं सारखाच वांकेल हें कांहीं केल्या साधेना. तेव्हां सन १९८७ मध्यें हॉर्नबेक यांनीं बेतच फिरविला. आरशास दोनच स्थिती द्यावयाच्या: या बाजूस पूर्ण झुकलेला, किंवा त्या बाजूस पूर्ण झुकलेला. मध्यें कोठेंही थांबणें नाहीं. दोन्ही बाजूंस टेकण्यास आधार दिला, म्हणजे कोन आपोआप सारखाच येतो.

पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यास ही युक्ति नवी वाटणार नाहीं. दोन वाफ्यांस पाणी कमीअधिक द्यावयाचें असतां बारें अर्धवट उघडून अंदाज करीत बसण्यापेक्षां, सर्व पाणी एका वाफ्यास तासभर व दुसऱ्यास पाव तास देणें अधिक बिनचूक होतें. हॉर्नबेक यांचा आरसाही तसाच. फिका उजेड हवा असेल तर आरसा थोडा वेळ पडद्याकडे व बराच वेळ बाजूस वळतो. हें इतक्या जलद चालतें कीं डोळ्यास केवळ कमी उजेडच दिसतो.

पहिल्या जातीच्या या आरशाची बाजू १६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या साठाव्या भागाहूनही किंचित्‌ कमी, होती. माणसाच्या एका केसाच्या रुंदींत असे चारपांच आरसे बसतील. आडवे १०२४ व उभे ७६८ अशा मांडणींत एकाच तुकड्यावर ७,८६,४३२ आरसे होतात, आणि प्रत्येकाखालीं त्याला आज्ञा देणारें स्वतःचें विजेचें घर असतें. आरसा आल्युमिनच्या मिश्रधातूच्या अतिशय पातळ बिजागरीवर पिळला जाऊन सुमारें १० ते १२ अंश झुकतो.

एवढी पातळ बिजागरी वांकून वांकून मोडेल, असेंच जाणत्यांस प्रथम वाटलें. लोखंडी तार पुनःपुनः वांकविली म्हणजे तुटते, हा सर्वांचा अनुभव आहे. परंतु बिजागरी इतकी पातळ आहे कीं, जाड धातूंत जशा भेगा वाढतात तशा तिच्यांत वाढत नाहींत. परीक्षेंत आरसे एक लाख कोटींहून अधिक वेळां हलविले, तरी बिजागऱ्या मोडल्या नाहींत. खरा त्रास दोन गोष्टींनीं दिला. एक तो चिकटण्याचा. त्यावर टेकण्याच्या जागीं बारीक स्प्रिंगा बसवून, पृष्ठभागास कोरडें लेपन देऊन, आणि सर्व भाग कांचेच्या झांकणाखालीं दमटपणापासून बंद ठेवून तोड काढली. दुसरा असा कीं, आरसा फार काळ एकाच बाजूस झुकलेला ठेवला तर बिजागरीस तीच खोड लागे. धातूचें मिश्रण बदलून व उष्णता आटोक्यांत ठेवून ती खोडही पुष्कळ कमी केली.

असे हे आरसे सन १९९० मध्यें विमानाचीं तिकिटें छापण्याच्या यंत्रांत प्रथम कामास लागले, सन १९९६ मध्यें पडद्यावर चित्रें दाखविणाऱ्या यंत्रांत आले, आणि पुढें चित्रपटगृहांतून फिल्मची रिळें हद्दपार करण्यास मोठें कारण झाले. त्याबद्दल हॉर्नबेक यांस सन २०१५ मध्यें अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. सर्वच संशोधनें अशीं फळास येत नाहींत. टेलिफोनच्या कांचतंतूंतील प्रकाश आरशांनीं एका तंतूंतून दुसऱ्यांत वळविण्याची मोठी योजना बेल प्रयोगशाळेनें त्याच सुमारास पुढें आणली होती. उपकरण चाललें, पण सन २००१ नंतर त्या धंद्यांत मंदी आली आणि अपेक्षित मागणी राहिली नाहीं. बीं चांगलें असून पाऊस गेला, तशांतली ही गोष्ट.

चित्रपटगृहांतून खळ्याकडे

आतां मागें सोडलेला धागा पुनः हातीं घेऊं. धान्याच्या यंत्रास स्थिर जाळी, एक संवेदक आणि लहर निवडण्याचें साधन हवें होतें. सूक्ष्म आरशांची पट्टी तें साधन झाली. दाण्यावरून परत आलेला प्रकाश एका फटींतून आंत घेतात. स्थिर जाळी त्याच्या लहरी पसरून आरशांच्या पट्टीवर टाकते, म्हणजे डावीकडच्या आरशांवर आंखूड लहर व उजवीकडच्यांवर लांब लहर, अशी ओळ लागते. मग ज्या उभ्या रांगेचे आरसे वळवावे तेवढीच लहर संवेदकाकडे जाते. बाकीचा प्रकाश बाजूस टाकला जातो. रांगांमागून रांगा वळविल्या म्हणजे एकच संवेदक सर्व लहरी मोजतो, आणि आरशांवांचून कांहींच हलत नाहीं. ९०० ते १७०० नॅनोमीटरपर्यंत पाहणारी अशी जुळणी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनें सन २०१५ मध्यें यंत्रें बनविणारांपुढें ठेवली. पाण्याची १४५० ची लहर तींत येते, तेलाची १२०० च्या आसपासचीही येते.

यांत आणखी एक युक्ति आहे, आणि तिचा संबंध शेतीच्याच एका संशोधनकेंद्राशीं पोंचतो. एक एक लहर वेगळी मोजली तर संवेदकास प्रकाश फार थोडा मिळतो, व मापांत चूक अधिक येते. इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथील शेतकी प्रयोगकेंद्रांत काम करणारे संख्याशास्त्रज्ञ फ्रँक येट्स यांनीं सन १९३५ मध्यें दाखवून दिलें कीं, अनेक हलक्या वस्तूंचें वजन करावयाचें असतां त्या एकेकट्या तोलण्यापेक्षां एकत्र तोलणें अधिक बिनचूक होतें. समजा, दोन वस्तु आहेत व तराजूंत दोनदांच तोलावयाचें आहे. पहिल्यानें दोन्ही एका पारड्यांत ठेवून बेरीज काढावी. नंतर एक या पारड्यांत व दुसरी त्या पारड्यांत ठेवून वजाबाकी काढावी. बेरीज व वजाबाकी मिळवून निम्मी केली कीं पहिलीचें वजन, आणि बेरजेंतून वजाबाकी वजा करून निम्मी केली कीं दुसरीचें वजन मिळतें. तोलणीं दोनच झालीं, पण प्रत्येक वस्तु दोनदां तोलली गेली, त्यामुळें तराजूची चूक कमी झाली. आरशांच्या यंत्रांतही एका वेळीं एकच रांग न वळवितां ठरविलेल्या क्रमानें निम्म्या रांगा एकदम वळवितात आणि गणितानें प्रत्येक लहर वेगळी काढतात. येथें दुसरें पारडें नसल्यामुळें लाभ थोडा कमी पडतो, तथापि तत्त्व तेंच. फिरत्या जाळीस असे अनेक लहरींचे गट एकदम निवडून पाठवितां येत नाहींत, आरशांस येतात.

ह्याच कामीं दुसऱ्याही वाटा आहेत. कांहीं संशोधक सिलिकनवरच दोन आरसे समोरासमोर ठेवून त्यांमधील अंतर विजेनें कमीअधिक करितात, म्हणजे अंतराप्रमाणें लहर निवडली जाते. आपल्या देशांतही ही विद्या शिकविली व वाढविली जात आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत व मुंबईच्या आय.आय.टी. मध्यें अशीं सूक्ष्म उपकरणें घडविण्याच्या धूळरहित खोल्या आहेत, आणि देशांतील इतर संशोधकांस तेथें जाऊन काम करण्याची सोय केलेली आहे.

यंत्राचा निकाल येतो कोठून

येथवर वाचून, इतकें सूक्ष्म व इतकें शोधून केलेलें यंत्र चुकणार तरी कसें, असें कोणास वाटेल. आणि नेमक्या याच जागीं सावध राहिलें पाहिजे. आरसे ओलावा पाहत नाहींत, तेल पाहत नाहींत. ते फक्त कोणती लहर किती परत आली एवढेंच सांगतात. ह्या लहरींचा अर्थ शेंकडा १२ कीं शेंकडा १४, हें त्यांस आधीं कोणीतरी शिकवावें लागतें.

तें शिकविणें असें होतें. शेंकडों नमुने गोळा करावयाचे. प्रत्येकाचा प्रकाश यंत्रानें घ्यावयाचा आणि त्याच नमुन्याचा ओलावा भट्टींत वाळवून वजनानें काढावयाचा. सोयाबीनच्या अखंड दाण्यांसाठीं अमेरिकेच्या कृषि-अभियंत्यांनीं ठरविलेली रीत १०३ अंश सेंटिग्रेडवर ७२ तास वाळविण्याची आहे. मग दोहोंचा मेळ घालणारें गणित बसवून तें यंत्रांत भरतात. यासच यंत्राचें अंशांकन म्हणतात. यावरून उघड आहे कीं, यंत्राची जाण त्यास दाखविलेल्या नमुन्यांएवढीच असते. ज्या वाणांवर तें शिकलें, ज्या हंगामांतील दाण्यांवर शिकलें, ज्या उष्णतेंत शिकलें, त्याच्या बाहेरचा माल पुढें आला तर तें थांबत नाहीं. तसाच एक आकडा ठामपणें दाखवितें. परक्या देशांतील सोयाबीनवर शिकून आलेल्या यंत्रानें आपल्या वाणाबद्दल दिलेला निकाल आपल्या नमुन्यांवर ताडून पाहिल्यावांचून पक्का समजूं नये.

शिवाय प्रकाश दाण्यांच्या राशींत खोल जात नाहीं. वरच्या थोड्या थरांतूनच परत येतो. धूळ, माती, फुटका दाणा, दंवानें भिजलेलें टरफल यांनीं त्याचें वाचन बदलतें. सकाळच्या दंवांत उघडें राहिलेलें पोतें आणि दुपारीं पसरून वाळविलेलें पोतें एकाच शेतांतलें असलें तरी यंत्रास तें निराळें दिसतें, व तें योग्यच आहे. दोष यंत्राचा नसतो. कोठला दाणा त्यापुढें ठेवला याचा असतो.

एका अंशाची किंमत

ओलाव्याची एका टक्क्याची चूक किती महागांत पडते, याचा हिशेब प्रत्येकानें स्वतः करून पाहावा. वीस क्विंटल, म्हणजे २००० किलो, सोयाबीन शेंकडा १३ ओलाव्याचें असेल तर त्यांत कोरडा अंश १७४० किलो. शेंकडा १२ ओलाव्यावर त्याचें वजन १७४० भागिले ०.८८, म्हणजे सुमारें १९७७ किलो भरेल. घट सुमारें २३ किलो. तोच माल यंत्रानें चुकून शेंकडा १४ सांगितला तर कोरडा अंश १७२० किलो धरला जाईल, वजन सुमारें १९५४ किलो होईल, आणि घट ४५ किलोंवर जाईल. म्हणजे केवळ वाचनाच्या एका टक्क्यानें सुमारें २३ किलो माल हिशेबांतून गेला. सन २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये होता. त्या दरानें ही रक्कम सुमारें अकराशें रुपये होते. आणि जेथें मर्यादेच्या वरचा माल घ्यावयाचाच नाहीं असा नियम असेल, तेथें शेंकडा १२ चें वाचन चुकून १३ आलें तर सबंध गाडीच परत न्यावी लागते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सोयाबीनच्या दाण्यांत सुमारें शेंकडा ४० प्रथिनें व सुमारें शेंकडा २० तेल असतें, आणि गिरणीवाल्यास खरी किंमत त्यांचीच. आज आपण विकतों तें वजन व ओलावा पाहून. तेलाचा अंश चांगला असला तरी त्याचा मोबदला वेगळा मागण्यास शेतकऱ्याच्या हातीं पुरावा नसतो. प्रकाशाचें यंत्र स्वस्त व विश्वासू झालें, आणि तें विकणाऱ्याच्याही हातीं आलें, तर तो पुरावा खळ्यावरच मिळेल. म्हणून या यंत्राकडे संशयानें पाठ फिरविणें जितकें चूक, तितकेंच डोळे मिटून त्याचा आकडा मान्य करणेंही चूक होय.

शेतकऱ्यांनीं काय करावें

वरील विवेचनावरून कांहीं व्यवहाराच्या गोष्टी निघतात. विजेवर चालणाऱ्या नेहमींच्या ओलावामापकासही त्या तशाच लागू आहेत.

१. नमुना एकाच पोत्याच्या तोंडाशीं घेऊं देऊं नये. अनेक पोत्यांतून, वरचा, मधला व तळचा दाणा काढून, एकत्र मिसळून, मग यंत्रांत घालावा.

२. एकाच वाचनावर निकाल मानूं नये. मिसळलेल्या नमुन्याचीं निदान तीन वाचनें घेऊन त्यांची सरासरी धरावी. तीन वाचनांत फार अंतर पडलें तर नमुना नीट मिसळला नाहीं किंवा यंत्रांत दोष आहे असें समजावें.

३. यंत्रावर कोणत्या पिकाचें अंशांकन लावलें आहे हें पाहून घ्यावें. हरभऱ्याच्या अंशांकनावर सोयाबीन मोजलें तरी यंत्र आकडा दाखवितेंच.

४. यंत्राचें वाचन भट्टीच्या निकालाशीं शेवटीं केव्हां ताडून पाहिलें, हा प्रश्न नम्रपणें पण अवश्य विचारावा. वजनकांटा तपासून घेण्याचा जसा आपला हक्क, तसाच हाही.

५. उन्हांत तापलेला किंवा दंवानें भिजलेला दाणा लगेच मोजूं नये. सावलींत थोडा वेळ ठेवून मग मोजावा.

६. एकट्यानें यंत्र घेणें प्रत्येकास परवडणार नाहीं. परंतु गांवच्या सोसायटीनें किंवा शेतकरी संघानें एक यंत्र घेऊन, दर हंगामाच्या आरंभीं आपल्याच भागांतील वाणांचे कांहीं नमुने भट्टींत तपासवून त्यांवर तें ताडून ठेवलें, तर माल गाडींत भरण्यापूर्वींच आपला आकडा आपल्या हातीं राहील.

या सहा कलमांपैकीं शेवटचें कलम आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. आरसे अमेरिकेंत घडले, संवेदक आणखी कोठें घडला, तरी त्यास आपल्या काळ्या रानांतील दाणा ओळखावयास शिकविण्याचें काम बाहेरचा कोणी येऊन करणार नाहीं. त्यास लागतात ते नमुने आपल्या कोठारांत आहेत. भट्टी व वजनकांटा जवळच्या शेतकी प्रयोगशाळेंत मिळूं शकतो. उणीव असेल तर ती एकत्र येऊन तें काम हातीं घेण्याची. येत्या सोयाबीनच्या काढणीपूर्वीं निदान एकेका सोसायटीनें तरी तें हातीं घ्यावें, अशी आमची आपल्या वाचकांस आग्रहाची विनंति आहे.